श्वास धरण्याची सवय

अर्जाच्या दुसऱ्या पानावर दोन प्रश्न होते. पोहता येते काय? पाण्याखाली नमुने गोळा करण्याची तयारी आहे काय? पहिल्यापुढे मी ‘होय’ लिहिले. ते अर्धे खरे होते, कारण शहरातल्या तरणतलावावर स्त्रियांसाठी राखलेल्या तासात मी पोहायला शिकले होते; पण मान पाण्याबाहेर ठेवूनच. दुसऱ्यापुढेही मी ‘होय’च लिहिले. ते निव्वळ अनुमान होते आणि त्याला एकाही निरीक्षणाचा आधार नव्हता.

तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत काम करीत होते. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षे. किनाऱ्यावरून तपकिरी काचेच्या बाटल्या येत आणि त्यांतल्या समुद्राच्या पाण्यात प्राणवायू किती विरघळला आहे हे मी मोजत असे. बाटली भरतानाच तिच्यात रसायने घालून प्राणवायू बांधून ठेवलेला असे. माझे काम शेवटच्या थेंबाचे. काचनळीतून थेंब थेंब सोडायचा आणि द्रावाचा निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होईल तिथे थांबायचे. हे काम माझ्याइतक्या अचूकपणे प्रयोगशाळेत दुसरे कुणी करीत नसे, असे वरिष्ठ म्हणत. दोन वर्षांत शेकडो बाटल्या तपासल्या. समुद्र मात्र मी पाहिला नव्हता.

अर्ज होता तो किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेतल्या जागेसाठी. ती मिळाली तर बाटली दुसऱ्या कुणी भरून पाठवण्याची वाट मला पाहावी लागणार नव्हती. मुलाखतीचे पत्र आले तेव्हा मी आठ दिवसांची रजा टाकली आणि मुलाखतीच्या चार दिवस आधी गोव्याला पोचायचे ठरवले. अनुमान तपासायला चार दिवस पुरेसे होते.

घरी फक्त बाबा. ते हातमागावर नऊवारी विणत. गोळीबार चौकाजवळच्या आमच्या गल्लीत कधी काळी घराघरांतून मागाचा आवाज येई. त्या वर्षी तीनच माग उरले होते. आई तीन वर्षांपूर्वी धंतोलीच्या एका दवाखान्यात वारली. त्यानंतर मागावरचे आईचे काम माझ्याकडे आले. नवा ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, जुन्या ताण्याच्या टोकांना जोडायला दोन माणसे लागतात. एकाने धागा निवडून पुढे करायचा, दुसऱ्याने बोटांना राख लावून त्याला पीळ द्यायचा. असे दोन हजारांवर धागे. हे काम एकट्याने होत नाही.

“काहून जातेस वं इतक्या दूर?” बाबा म्हणाले. “समुद्र तर बाटलीत भरून येऊन राहिला तुह्या हापिसात.”

“बाटलीतला समुद्र मेलेला असते, बाबा.”

“मंग तू काय जिता समुद्र पाहाले चालली?”

मी हसले. पाण्याखाली उतरायचे आहे हे सांगितले नाही.

कोल्हापूरपर्यंत आगगाडी आणि पुढे एस.टी. असा तो प्रवास होता. समुद्र पहिल्यांदा दिसला तो एस.टी.च्या खिडकीतून, दोन घरांच्या मधल्या फटीत. माझ्या शेजारच्या बाईंना मी सांगणार होते, पण त्या झोपल्या होत्या. त्यामुळे आयुष्यातली ती नोंद कुणाच्याही साक्षीशिवाय झाली.

ज्या घरगुती खाणावळीत मी उतरले तिथल्या मालकीणबाईंनी माझ्या मागे दाराकडे पाहिले. “आणि कोण येवचें आसा?” कुणीही नाही म्हटल्यावर खोलीतली दुसरी उशी त्या उचलून घेऊन गेल्या. जेवणघरात माझ्या मेजाला दोन खुर्च्या होत्या. पहिल्याच दुपारी एका कुटुंबाला खुर्ची कमी पडली म्हणून माझ्या समोरची त्यांनी विचारून नेली. ती परत आली नाही. चारही दिवस मी समोरच्या मोकळ्या भिंतीकडे पाहत जेवले.

किनाऱ्यावर नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ पर्यटकांना पाण्यात नेत. पन्नाशी ओलांडलेले, कोळशासारखे काळे, मोजके बोलणारे. त्यांच्याकडे एक होडी, वाऱ्यावर चालणाऱ्या दोन शिडाच्या फळ्या आणि पाण्याखाली पाहण्यासाठी चेहऱ्यावर लावायच्या काचा व श्वासाच्या नळ्या होत्या. शिडाच्या फळ्यांवर तरुण नवरे आपल्या बायकांसमोर पुनःपुन्हा पडत. मला नळी हवी होती. त्या सकाळी आम्ही सात जण होतो. तीन जोडपी आणि मी.

“बाय, तुमची जोडी खंय?”

“मी एकटीच आले आहे.”

“एकट्या माणसाक मी पाण्यात सोडीत नाय. नेम आसा. जोडीदार हाताच्या अंतरावर होयो. दर दोन मिनिटांनी एकमेकांक विचारायचा.” त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला. “ह्या म्हणजे सगळा बरा.”

तीन जोडप्यांनी लगेच एकमेकांसमोर गोल करून पाहिले. मुंबईचे जोडपे तर बोटांचे गोल एकमेकांत अडकवून हसत होते. मी वाळूकडे पाहत राहिले.

“चला,” ते म्हणाले, “तुमची जोडी मी.”

पहिल्या दिवशी कमरेइतक्या पाण्यात चेहरा बुडवायचा होता. आधी मी मनाशी गणित केले. नळीत मावणारी हवा किती, एका श्वासात आपण घेतो ती किती, वापरलेली हवा परत किती येईल. निष्कर्ष स्पष्ट होता: या नळीतून मनुष्य तासन्तास श्वास घेऊ शकतो. मग मी चेहरा पाण्यात घातला आणि अर्ध्या मिनिटाने धापा टाकत वर आले. पुन्हा घातला, पुन्हा वर आले. नवव्या वेळी मी त्यांना गणित समजावून सांगितले. खरे तर ते मी स्वतःलाच सांगत होते.

“हिशोब बरोबर आसा, बाय,” ते म्हणाले. “पण तो पाण्याक कोण सांगतलो?”

दुसऱ्या दिवशी होडीने आम्हांला खडकापाशी नेले. त्यांनी माझा हात धरून मला पाण्यात उतरवले. पाणी हिरवट होते, खाली काही हातांवर खडक होता आणि खडकाच्या खोबणीत एक प्राणी आपले मऊ हात प्रवाहात हलवत होता. मी त्याच्याकडे निरखून पाहू लागले. किती वेळ, ते सांगता येत नाही. कानांत दडे बसले, कडेने अंधारून आले, मी घाईने हवा ओढली आणि नेमकी तेव्हाच लाट नळीवरून गेली. त्यांनी मला होडीत चढवले तेव्हा नाकातून खारे पाणी येत होते. दोन दिवस संपले होते. माझे अनुमान चुकीचे ठरत होते आणि अर्जावरचे ‘होय’ खोटे.

बाकीचे पाण्यात राहिले. सहा नळ्या दोनदोनच्या गटांनी तरंगत होत्या. मधेच एखादी जोडी डोके वर काढी, एकमेकांना काहीतरी सांगे आणि पुन्हा खाली जाई. मी होडीत टॉवेल गुंडाळून बसले होते.

मार्गदर्शक होडीच्या काठाला धरून पाण्यातूनच माझ्याकडे पाहत होते. “भियेता तो माणूस भरभर श्वास घेता. तुमी भियेत नाय. तुमी श्वास बंदच करता. खंय शिकलात ह्या?”

उत्तर मलाच तेव्हा सापडत होते. सहा वर्षांची असताना बाबांनी मला मागापाशी बसवून तुटलेला धागा जोडायला शिकवले होते. रेशमाचे धागे केसांहून बारीक; तोंडाची वाफ लागली तरी शेजारचे दहा हलतात आणि नेमका कोणता तुटला ते कळेनासे होते. म्हणून धागा जोडताना श्वास धरायचा. बाबा धरतात, आजोबा धरत, आई धरी. पुढे प्रयोगशाळेत शेवटच्या थेंबाच्या वेळी मी श्वास धरी आणि माझा हात हलत नसे. ज्या अचूकतेसाठी माझे नाव घेतले जाई ती दुसरे काही नव्हती. बारीक काही दिसले की माझा श्वास आपोआप थांबत होता आणि वीस वर्षांत ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते एखाद्या यंत्राच्या बिघाडाविषयी ऐकावे तसे ऐकून घेतले.

“मग उद्या नळीत बोलायचा,” ते म्हणाले. “आवाज करीत ऱ्हवलात तर श्वास धरूक येवचो नाय.”

“काय बोलू?”

“काय पण. गाणा म्हणा.”

मला गाणी येत नव्हती. तिसऱ्या दिवशी मी पाढे म्हटले. सोप्या पाढ्यात लक्ष लागेना, म्हणून तेराचा घेतला. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. प्रत्येक ओळीनंतर श्वास आपोआप आत येई. नळीच्या वरच्या टोकातून ते सारे भोंग्यासारखे बाहेर पडत होते, हे मला मुंबईच्या नवऱ्याकडून कळले.

“बाई, मासे नापास झाले तर छड्या मारणार का?”

“तुम्हीसुद्धा शिकून घ्या जरा,” त्याची बायको त्याला म्हणाली. “काल खाणावळीत बेरीज चुकलात.”

त्या हसण्यात मीही होते आणि तो दोन मिनिटांचा सहवास मला अजून आठवतो. मग ते दोघे हात धरून खडकाच्या पलीकडे गेले.

चौथ्या दिवशी मी सतरापर्यंत पोचले. मार्गदर्शकांनी माझा हात सोडला होता. “तुमचो आवाज येता तोवर मी दुसऱ्यांकडे बघता,” असे त्यांनी आधीच सांगितले होते. तीन जोडप्यांपैकी एकाची नळी गळत होती आणि ते तिकडे होते. सतरा सक एकशे दोन म्हणत असताना खालून निळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा वर आला. शंभर असतील, दीडशे असतील. मला मोजता आले नाहीत. ते माझ्या दोन्ही बाजूंनी गेले आणि ज्या पाण्यातला प्राणवायू मी दोन वर्षे थेंबाथेंबाने मोजला होता ते पाणी त्यांच्या तोंडातून आत आणि कल्ल्यांतून बाहेर जाताना मी पाहिले. श्वास थांबला नाही. मी पाढा म्हणत होते. आनंदाने मी उजवीकडे वळून बोटांचा गोल केला.

उजवीकडे कुणी नव्हते. डावीकडेही नव्हते. थोडा वेळ तो गोल मी तसाच धरून ठेवला, कारण तो कुणाला तरी दाखवण्यासाठीच असतो. मग हात खाली घेतला आणि सतरा साते म्हटले.

मुलाखतीला तीन जण होते. मधल्यांनी माझा अर्ज उलटला.

“पाण्याखालच्या कामाची तयारी आहे, असे लिहिले आहे. यापूर्वी कधी उतरलात?”

“या आठवड्यात चार दिवस. पहिले दोन दिवस जमले नाही.” मी कारण सांगितले, उपाय सांगितला. पाढ्यांचा उल्लेख आल्यावर उजवीकडचे हसले.

“म्हणजे अर्ज केला तेव्हा हे खरे नव्हते.”

“नव्हते. आज आहे.”

मधल्यांनी अर्ज मिटून ठेवला. मग म्हणाले, “इथे कुणी एकटे पाण्यात जात नाही. तुम्हांला जोडीदार नेमून दिला जाईल. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू होता येईल?”

मी ‘होय’ म्हटले. या ‘होय’चाही आधी विचार केला नव्हता, हे बाहेर व्हरांड्यात आल्यावर लक्षात आले. नेमून दिलेला जोडीदार मला मिळणार होता. ज्यांची जोडीदार मी होते ते नागपुरात होते.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. गल्लीत शिरताना माग ऐकू आला नाही. बाबा ओट्यावर बसले होते.

“आली का वं? ताणा तसाच पडून हाये. एकट्याले जमते थोडीच.”

मी गेले त्याच दिवशी जुना ताणा संपला होता. तेव्हापासून माग बंद होता. शेजारच्या काकांना बोलवायचे सुचले नाही का, असे मी विचारले, तर म्हणाले, “त्याचा हात लय जड.” मी हातपाय धुऊन मागापाशी बसले. राखेची वाटी त्यांच्याजवळ, नव्या ताण्याची टोके माझ्याजवळ. मी धागा निवडून पुढे करी, ते पीळ देत. काम करता करता मी त्यांना सगळे सांगितले. खडक, नळी, लाट. पाण्यात श्वास धरून चालत नाही, सतत घ्यावा लागतो.

बाबांचे हात थांबले. “अन् मंग काही तुटलं तर? जोडतेत कसे तिथले लोक?”

मी पुढचा धागा निवडून बोटांत धरला.

“नोकरी देऊन राहिले का तुले?”

“हो. एक तारखेपासून.”

त्यांनी पुढचा धागा मागायला हात पुढे केला. मी दिला. त्यांनी पीळ दिला. असे तीस-चाळीस धागे झाले असतील.

“पुढचा ताणा दिवाळीच्या आधी येईन,” ते म्हणाले. “तवा सुटी भेटन का तुले?”

“विचारीन.”

“विचार.”

काम पुढे चालू राहिले. अर्ध्याहून जास्त धागे बाकी होते. केव्हातरी माझ्या नकळत मी तोंडातल्या तोंडात पाढा पुटपुटू लागले होते, कारण समोरचे धागे हळूच थरथरले.

“फूक नको मारू वं,” बाबा म्हणाले.

मी श्वास धरला आणि पुढचा धागा त्यांच्या हातात दिला.