लिफाफ्यावरचे शब्द

खांदा शेकायला मी देवासच्या एका दवाखान्यात जायचो, तेव्हा एक बाई रोज त्याच बाकावर दिसत. नवरा आत भरती होता. मांडीवर भाचीने दिलेलं जाडजूड हिंदी पुस्तक, आकड्यांवरून निर्णय कसा घ्यावा ते शिकवणारं. बोट पदराला पुसून त्या पान उलटत, आणि नवा शब्द आला की रिपोर्टच्या लिफाफ्यावर पेन्सिलीने उतरवत: दर्पण-दोष, नीला अनुमान, तिसरी शंका. सगळे लेखकाने घरी बनवलेले. मी जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, पण यातला एकही माझ्या ओळखीचा नव्हता.

मी शिकवायचो हे कळल्यावर त्यांनी लिफाफा पुढे केला. "सर, शब्द तर इतके सारे झाले. यातला ह्यांना कोणता लागू आहे, तेवढं सांगून द्या."

आतला रिपोर्ट मी काढून वाचला, तो इंग्रजीत होता. आता उपचारांचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं. मराठीत ते एका वाक्यात सांगता आलं असतं.

मी लिफाफ्यावर बोट टेकवलं आणि म्हणालो, "नीला अनुमान."

त्यांनी त्या शब्दाभोवती जपून गोल काढला आणि पुस्तकात तो पुन्हा शोधू लागल्या.