लेक आत्याकडं गेली तेव्हा

लेक तीन वर्षांची झाली आणि चावायला लागली. अंगणवाडीत पोरांना, घरी मला. ताट भिरकावायची, जमिनीवर लोळण घ्यायची. मी नुसती बघत बसायचे. बाळंतपणापासून माझं मन कशातच नव्हतं, अंगात उठायचं बळ नव्हतं. ती ओरडली की मी भिंतीकडं तोंड करून पडायचे, आणि मी पडले की ती आणखी ओरडायची. दिवसभर आमचं हेच. मालक सकाळीच बारामतीला कंपनीत. संध्याकाळी आले की विचारणार, "आज काय केलं हिनं?" मला काय झालंय, हे एका मेल्यानं विचारलं नाही!

आमच्या कोऱ्हाळ्यात सगळ्यांचं एकच, पोरीला नजर लागली. सासूबाईंनी मीठ, मोहरी, मिरच्या तिच्यावरून उतरून चुलीत टाकल्या. ठसका आला नाही, म्हणजे नजर जबर. मी शेजारीच पडलेली होते. माझ्यावरून कुणी चिमूटभर मीठसुद्धा उतरलं नाही.

मग ठरलं, पोरीला बावड्याला नणंदेकडं धाडायची. "आत्याकडं चार पोरांत रमंल, तुलाबी इसावा," सासूबाई म्हणाल्या. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. एक-दोन दिवस गाढ झोपले. मग घर असं खायला उठलं, की टीव्ही मोठ्यानं लावून ठेवायचे.

महिन्याभरानं नणंद फोनवर खुशीत. "वहिनी, लई गुणाची झालीया. चावत न्हाय, रडत न्हाय."

"माझी आठवण काढती का?"

"छ्या! नावबी न्हाय. ऱ्हाऊ द्या हितंच दिवाळीपातुर."

मी फोन ठेवला. माझ्यापासून लांब गेली की पोर बरी होते, म्हणजे तिचा आजार मीच की काय? दुसऱ्या दिवशी कशीबशी वेणी घातली आणि एकटीच एसटीनं बावड्याला गेले.

अंगणात नणंदेची पोरं खेळत होती. मला बघून धावली, "मामी आली, मामी आली!" मी त्यांची मामीच. त्यांच्यामागून माझी लेकही टाळ्या वाजवत आली.

"मामी आली!"

नणंद पोट धरून हसली. मीही हसले, काय करणार! लेक लांब उभी राहून माझ्या पिशवीकडं बघत होती, पाहुणीनं काय खाऊ आणलाय म्हणून. मी हात पुढं केले तशी आत्याच्या पदराआड गेली.

"वन्सं, तिचं कपडं भरा," मी म्हणाले.

परतीच्या एसटीत इंदापूर येईपर्यंत ती "आत्या, आत्या" करून रडत होती. शेजारच्या बाईनं संशयानं विचारलं, "कुनाची ओ ही पोर?"

"माझीच," म्हणाले. पण ते माझं मलाच खरं वाटेना.