जुन्या कपड्यातला नवा कॅमेरा

माझा धाकटा भाऊ विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करायचा. चेपलेल्या मोटारी, जळालेली दुकानं, पाणी शिरलेली गोदामं. नोकरीत त्याने हजारो फोटो काढले आणि प्रत्येक फोटोत नुकसानीशेजारी स्टीलची पट्टी ठेवलेली. खड्डा केवढा, तडा केवढा, हे कळायला हवं ना! ऑफिसात त्याला पट्टीसाहेब म्हणत. सवय इतकी मुरलेली, की नात झाली तेव्हा पाळण्यात बाळाशेजारी पट्टी ठेवून याने फोटो काढला. सुनेने आठवडाभर अबोला धरला.

निवृत्तीनंतर हा माणूस कॅमेऱ्याला हात लावणार नाही, अशी माझी खात्री होती. साफ चुकली. दुकानाच्या काचेत त्याने एक कॅमेरा पाहिला आणि त्याच्यावर जीव जडवून बसला. दिसायला थेट आमच्या तरुणपणातला. वर धातूच्या चकत्या, अंगाला काळं कातडं, आत मात्र सगळं डिजिटल. किंमत ऐकून मी चष्मा काढून पुसला, जणू काही त्याने आकडा कमी होणार होता. घरातला स्प्रिंगा वर आलेला सोफा बदलायचा होता. त्याचे पैसे यात पुरते गेले असते.

भावजय भांडली नाही. तिने अट घातली.

"अहो, इतक्या वर्षांत तुम्ही माझा एक तरी धड फोटो काढलाय? भिंतीवर लावावासा एक काढून दाखवा, मग घ्या खुशाल. नाहीतर सोफा."

"क्वालिटी बघशील तर गप्प होशील," भाऊ म्हणाला.

दुकानदार दोन दिवस कॅमेरा भाड्याने द्यायला तयार झाला. मीही गेले होते, मला राहवतं थोडंच! मी सरळ विचारलं, "याच कंपनीचा तो शेजारचा साधा कॅमेरा निम्म्या किमतीला आहे. याचे फोटो काय दुप्पट चांगले येतात?"

"नाही हो आजी. आतला माल तोच. जास्तीचे पैसे या कपड्यांचे."

इतकं खरं बोलणारा विक्रेता बघून मी चाट पडले. भावाने ते ऐकलंच नाही. तो चकती फिरवत होता. टक, टक, टक.

दोन दिवस मी त्यांच्याकडेच मुक्काम ठोकला. पहिल्या दिवशी भाऊ दिवसभर बायकोच्या मागे मागे. ती कपडे वाळत घालताना, इस्त्री करताना, फोनवर बहिणीशी बोलताना. संध्याकाळी आम्ही तिघं कॉम्प्युटरसमोर बसलो. चित्रं सुरेख, यात वाद नाही. पण टवका उडालेली कपबशी लखलखीत आणि तिच्यामागे बायको धुरकट. भिंतीतली चीर स्पष्ट, बायकोचं अर्धं डोकं चौकटीबाहेर. एका फोटोत तर नुसता तिच्या चपलेचा तुटका अंगठा.

"माझा क्लेम भरायचाय का?" भावजयीने विचारलं आणि ती भाजी चिरायला निघून गेली.

भावाचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा हातात घेऊन खालीवर करून बघितला. मागचा पडदा उलटा करून मिटता येत होता.

"हा मिटव आणि काढ बरं," मी म्हटलं.

"मग बघू कशात?"

"ते भोक कशासाठी दिलंय? डोळा लाव."

समोर कात्रीने दोरे कापत बसलेल्या बायकोवर कॅमेरा रोखून त्याने एक डोळा मिटला. त्याबरोबर तोंडही वाकडं झालं.

"अगं बाई! दाढ दुखतेय की काय तुमची?" म्हणत भावजय खळखळून हसली, आणि त्याने बटण दाबलं. फोटोत ती अख्खी आली, हसत, हातात कात्री.

भाऊ जिंकल्यासारखा माझ्याकडे बघायला लागला. मी गप्प बसायला हवं होतं. पण कौतुक कॅमेऱ्याचं करायचं की मिटलेल्या पडद्याचं, हे कळल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. मी त्याचा ऑफिसातला जुना कॅमेरा शोधून काढला आणि पडद्यावर कागदाची चिकटपट्टी मारली. त्याला डोळा लावायला भोकच नव्हतं.

"ताई, आता नेम कुठे धरू?"

"तिच्याकडे बघ."

त्याने कॅमेरा छातीशी धरला आणि बायकोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिने केस सारखे केले, मग हात खाली घेतला. "काय बघताय?" ती म्हणाली, हळूच.

फोटो तिरका आला, वरचा पाव भाग नुसतं छत. पण तिचा चेहरा! तिघांनाही एकदमच कळलं.

"भिंतीवर हा," भावजय म्हणाली.

अट पुरी झाली होती, तीही जुन्या कॅमेऱ्याने. भाऊ नवा कॅमेरा खोक्यात भरू लागला. "ठीक आहे. क्वालिटीत काही फरक नाही. देऊन टाकू परत."

"मग दोन दिवस क्वालिटी क्वालिटी म्हणून आमचं डोकं का खाल्लंत?"

"दुसरं काय सांगणार होतो?"

"खरं ते."

त्याने कॅमेरा पुन्हा खोक्यातून बाहेर घेतला. बोटाखाली चकती टकटकली. "मजा येते गं. नोकरीत कॅमेरा उचलला की समजायचं, कुठेतरी काहीतरी बिघडलंय. हा हातात घेतला की नुसतं बाहेर पडावंसं वाटतं. काय दिसतं ते बघायला."

भावजय उठली. भाजी फोडणीला टाकून आली, सोफ्यावर बसली, स्प्रिंग टोचली तशी सरकून बसली.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदाराने खोकं उघडून पाहिलं. "परत करताय की ठेवताय?"

भाऊ बायकोकडे बघत राहिला. ती काउंटरवर पर्स ठेवून म्हणाली, "ठेवतोय. पट्टा मात्र लहानमोठा होणारा द्या. एक दिवसाआड हा माझ्या गळ्यात असणार आहे."