बाबांसाठी सोडलेला चहा
परवा अंधेरीत चर्चमधून कपाळावर राखेचा क्रूस घेऊन माणसं बाहेर पडत होती आणि ऐंशीच्या दशकातलं आमचं घाटकोपरचं वर्कशॉप आठवलं. बाबा तेव्हा हॉस्पिटलात होते, डॉक्टर नीट काही सांगत नव्हते. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाच्या पहिल्या दिवशी अशीच राख लावून आलेला माझा ख्रिस्ती मित्र तेलकट हात पुसत म्हणाला, "ईस्टरपर्यंत चहा सोडला. तुझ्या बाबांसाठी." मी चिडलो. "तुझा देव माझ्या बाबांना ओळखतो का रे?" "मी ओळखतो ना," तो म्हणाला. लेथवरचा मालवणी सोबती म्हणाला, "मगे माकाय तोपर्यंत बांगडो नको." तिसऱ्याने तंबाखू कचऱ्यात टाकली. मी मात्र चहा पीतच राहिलो. सोडूनही बाबा गेले तर, या भीतीने. बाबा घरी आले. मित्र भेटायला आला, तेव्हा आईने दिलेला कप त्याने हसून परत केला, "ईस्टर अजून यायचाय, काकी." कारण कळल्यावर बाबांचे डोळे भरले. मग त्यांनी मला विचारलं, "आणि तू काय सोडलंस रे?" मी पाणी आणायला म्हणून आत गेलो. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी तो प्रश्न आठवला की मला एका जागी बसवत नाही.