पुराच्या खुणेवरचा कम्प्युटर

आमच्या दासगावच्या घरात भिंतीवर पुराची खूण आहे. दोनदा रंग मारला तरी तो मातकट पट्टा पुन्हा वर येतो. दाराच्या चौकटीच्याही वर आहे तो. त्याच्या हातभर वर, पत्र्याला जवळजवळ टेकून, मी सुताराकडून एक फळी ठोकून घेतली आणि तिच्यावर कम्प्युटरचं खोकं बसवलं. लांब वायरी खाली सोडल्या, स्क्रीन आणि कीबोर्ड टेबलावर ठेवला, पेन ड्राइव्हसाठीही एक वायर लोंबती ठेवली. पत्रा गळतो म्हणून खोक्याला जाड प्लास्टिक गुंडाळून सुतळीने आवळलं. बटणापुरतं भोक पाडलं होतं, त्यातून केरसुणीच्या दांड्याने कम्प्युटर चालू करायचा. आलेगेले हसायचे. हसू देत. ज्यांच्या घरात सावित्री नदी शिरली नाही त्यांना कम्प्युटर कुठे ठेवायचा ते कळायचं नाही.

त्या खोक्यात अब्बांचा आवाज होता. तरुणपणी अब्बा आखातात ड्रायव्हर होते. तेव्हा घरी फोन नव्हता, आणि आमच्या अम्माला वाचता येत नव्हतं. मग आमच्या गावातल्या बहुतेक घरांत चालायचं तेच आमच्याकडेही चालायचं. रजेवर येणाऱ्या कुणाच्या तरी हातून कॅसेट यायची. एका बाजूला अब्बा बोललेले असायचे. सगळं घर ती ऐकायला बसायचं. मग दुसऱ्या बाजूला आम्ही बोलायचं आणि परत जाणाऱ्याच्या हाती ती धाडायची. कायमचे घरी आले तेव्हा अब्बांनी त्यातल्या जपून ठेवलेल्या कॅसेटी बॅगेत भरून आणल्या.

पुढे अब्बांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र कायमचा गेला. त्यानंतर मी घाईघाईने सगळ्या कॅसेटी दोन्ही बाजूंनी कम्प्युटरमध्ये उतरवून घेतल्या. अब्बांच्या बाजू मी मन लावून ऐकल्या. आमच्या बाजूंना नुसतं नाव दिलं. कोण बाळंत झालं, आंबा किती धरला, यापलीकडे त्यात काय असणार!

मग पूर आला. कॅसेटी पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत होत्या, चिखलात गेल्या. कम्प्युटर तेवढा वाचला, कारण तो दुरुस्तीला पोलादपूरला माझ्या मामेभावाच्या दुकानात पडून होता. मी त्याला उशीर केल्याबद्दल आठवडाभर शिव्या घातल्या होत्या. त्या सगळ्या मी मनातल्या मनात परत घेतल्या.

आणखी एक प्रत काढून ठेवायला हवी होती, हे मलाही कळतं. आज करू, उद्या करू.

यंदाच्या एप्रिलात कम्प्युटर बिघडला. दुपारची नमाज झाली की अब्बा टेबलाशी बसायचे, कानाला हेडफोन लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. आपलाच गेलेला आवाज माणूस रोज ऐकतो, हे मला बघवायचं नाही, म्हणून मी तिकडे फारशी फिरकत नसे. एका दुपारी त्यांनी जोरात टाळी वाजवली. मी धावले. स्क्रीन निळी पडली होती, तिच्यावर पांढरी अक्षरं. वाचेपर्यंत ती गेली आणि कम्प्युटर आपणहून पुन्हा सुरू झाला. पुन्हा निळा. पुन्हा सुरू. अब्बा हात मागे बांधून उभे होते, जणू त्यांनीच काहीतरी फोडलंय. मी हसून त्यांना म्हटलं, “काही नाही, म्हातारा झालाय तो.” बोलल्यावर जीभ चावली.

मामेभावाला फोन लावला. तो म्हणाला, “आपा, ऑपरेटिंग सिस्टम उडाली असंल. फॉरमॅट मारावं लागंल.”

“आतलं जाईल?”

“काढून ठेवायचा ट्राय करू ना. पन गॅरंटी नाय देत. तुम्ही खोकं घेऊन या.”

ज्याची गॅरंटी नाही ते मी एसटीत मांडीवर घेऊन, हायवेचे धक्के खात पोलादपूरपर्यंत नेऊ? मी नको म्हटलं. मग तो फोनवरून सांगत गेला आणि मी करत गेले. सेफ मोडमध्ये चालू केला, म्हणजे जेवढ्यास तेवढंच सुरू होतं. नवे अपडेट काढले. अँटीव्हायरस काढला. दर वेळी जरा बरं वाटायचं, मी पेन ड्राइव्हवर फाइली उतरवायला घ्यायचे, आणि हिरवी पट्टी अर्ध्यावर आली की निळा पडदा. एकदा अर्धवट उतरलेली फाइल मी शिकवते त्या शाळेच्या लॅपटॉपवर लावून बघितली. अब्बा सलाम करतात, घरच्यांची नावं घेत खुशाली विचारतात, माझ्या नावाशी येतात, आणि तिथेच आवाज तुटतो.

मी लॅपटॉप बंद केला. खरं सांगते, ऑपरेशनच्या दिवशीही मी एवढी घाबरले नव्हते. तेव्हा निदान डॉक्टर होते. इथे सगळं माझ्या बोटांवर होतं, आणि कुठलं बटण शेवटचं ठरेल ते कळत नव्हतं.

अम्मा स्वयंपाकघरातून ओरडली, “ता खोका एवढा जुना हाय, जाऊ दे ना गो! मानूस हाय ना घरात.”

मी तिच्यावर खेकसले. माणूस आहे, पण बोलत नाही, हे तोंडावर आलं होतं. अब्बा समोर होते म्हणून गिळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी एकदा निळा पडदा आला तेव्हा मी टेबलावर स्टूल ठेवून वर चढले. हार्ड डिस्क खराब झाली की कटकट आवाज येतो, असं मामेभाऊ म्हणाला होता. ऐकायला म्हणून गाल प्लास्टिकला लावला आणि चटका बसून मागे झाले. आत भाकरी भाजली असती. गेल्या पावसात एक थेंब फळीवर दिसला म्हणून मीच प्लास्टिकचा आणखी एक थर चढवला होता. वर एप्रिलचा पत्रा. ऑपरेटिंग सिस्टम कसली उडतेय? खोकं गुदमरत होतं. पाण्याच्या भीतीने मी त्याला भाजत ठेवलं होतं.

सुतळी कापली. प्लास्टिक सुटलं तशी धुळीने बुजलेली पंख्याची जाळी दिसली. आता ते थंड जागी आणायचं, म्हणजे खाली. जमिनीवर. बाहेर रणरणतं ऊन, सावित्रीत गुडघाभर पाणी नाही, आणि तरी ते खोकं छातीशी धरून खुणेच्या खाली उतरवताना मी एकेक पाय चाचपून टाकत होते. अब्बांनी खालून हात दिला. जमिनीवर ठेवल्यावर मी वेड्यासारखी एकदा दाराबाहेर बघून आले.

झाकण काढलं, ब्रशने धूळ झाडली, टेबलफॅन समोर ठेवला. निवेपर्यंत आम्ही दोघं फरशीवर बसून राहिलो. मग चालू केला. एकेक फाइल पेन ड्राइव्हवर गेली, तिथून लॅपटॉपवर. हिरवी पट्टी अर्ध्यावर आली की मी डोळे मिटायचे. अब्बांच्या सगळ्या बाजू पार पडल्या तशी मी रडले. “वाचलात,” मी त्यांना म्हटलं.

अब्बांनी मान हलवली. नाही. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. आमच्या बाजूंच्या फाइली अजून उतरायच्या होत्या, आणि त्यातल्या एकीवर त्यांचं बोट होतं. मी ती उतरवली आणि पूर्ण झाली का बघायला लॅपटॉपवर लावली. हेडफोन नव्हता.

एक तरुण बाई दबक्या आवाजात बोलत होती. “सासूबाय भायेर गेल्यात म्हनून बोलते. पोर चालाय लागली. तुमी कॅसेट सगली घरच्यांसाठी नका भरू. थोडी जागा माझ्यासाठी ठेवा.”

मी अब्बांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ त्या बाईबरोबर हलत होते, शब्दाला शब्द. मला वाटत होतं रोज दुपारी ते स्वतःला ऐकतात.

अम्मा पदराला हात पुसत दारात आली. थोडा वेळ कान देऊन तिने कपाळाला आठ्या घातल्या. “कोन गो ही बाय? केवढी बोलते!”

अब्बांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे बोट केलं.