ईस्टरच्या पहाटे काळा झगा

मरियामातेला नेसवायचं काम ओब्दुलियाच्या घराण्यात तिच्या पणजीपासून चालत आलंय. सारं गाव तिला मनांग, म्हणजे थोरली बहीण म्हणतं. टाचण्या धरायला मी असते. नेसवताना दार लावायचं, आत पुरुष नको, परकं कुणी नको. मूर्तीला चेहरा आणि हात तेवढे आहेत; झग्याखाली नुसत्या लाकडी पट्ट्या. आईला तसं कुणी बघू नये.

ईस्टरच्या आदल्या दुपारी गुड फ्रायडेचा काळा झगा उतरवून निळा घालायचा, वर काळी ओढणी. पहाटे चौकात पुनरुत्थित येशूची मूर्ती आईसमोर आली, की देवदूत झालेली मुलगी ओढणी उचलते आणि आईचं दुःख संपतं.

यंदा जुन्या मठाच्या माडीचं संग्रहालय झालं. नेसवायची खोलीही त्यातच गेली. आम्ही दार लोटलं, तोच गाइड जोमार परदेशी पाहुण्यांना घेऊन आत.

"चालू द्या मनांग! त्यांना हेच तर बघायचं असतं."

"तुझी आई कपडे बदलते तेव्हा बोलावतोस का रे पाहुण्यांना?"

"आमची आई लाकडाची नाही ना!"

"बाहेर हो आधी!"

तो गेला, तर दुसरा गट आला, मग तिसरा. ऑफिसातली बाई म्हणाली, "ती खोली तिकिटात धरलीय. पाचला टाळं लागतं." मनांग फादरांकडे गेली. ते रात्रीच्या मिस्सा-प्रार्थनेच्या गडबडीत. "आत्ता नको, मनांग."

पाच वाजत आले. मी म्हटलं, "चादर धरते, उरकून टाकू."

तिने दारातल्या कॅमेऱ्यांकडे पाहिलं. "आज चादरीआड, उद्या चादरीचाही फोटो." तिने काळ्या झग्यावरच ओढणी घातली आणि निळा घडी करून टोपलीत ठेवला.

पहाटे टाळं उघडलं ते मूर्ती न्यायला आलेल्या खांदेकऱ्यांसाठीच. चौकात बँड वाजला, मुलीने ओढणी उचलली. आत काळंच! बायकांनी छातीवर क्रूस केला. बँड बंद पडला.

फादर धावत आले. "हे काय, मनांग?"

मागे जोमार पाहुण्यांना सांगत होता, "आमच्या गावची जुनी प्रथा. इथली माता ईस्टरलाही काळ्यातच असते."

मनांगने ते ऐकलं. तिने टोपली माझ्याकडे दिली आणि फादरांपुढे हात पसरला. "माडीची किल्ली द्या. आत्ता नेसवते."

"नऊला पहिला गट आहे हो, तोवर उरकणार कसं?" फादर म्हणाले.

तिने हात खाली घेतला नाही.