तात्यांची खुर्ची

काल माळावरच्या शाळेच्या चढणीवर चार खांद्यांवरून एक खुर्ची डोलत जाताना पाहिली आणि माझा आठवडाभराचा राग उतरला.

राग कागदाचा होता. आमच्या गावासाठी वरून आलेल्या आपत्ती आराखड्यात लिहिलं होतं, ‘नागरिकांनी होडीने स्थलांतर करावे.’ अहो, आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी! इथे पूर येत नाही, दरड येते. दुसऱ्या गावाचा कागद आमच्या नावावर खपवणाऱ्यांना मी काय काय म्हणालो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग आम्हीच देवळाच्या अंगणात रांगोळीने गाव काढलं. डोंगराला भेग दिसली की कुणी कुठून निघून माळावरच्या शाळेत पोचायचं, ते ठरवत गेलो आणि दरडीखालच्या शेवटच्या घरापाशी अडलो. तिथे तात्या राहतात. त्यांचे पाय गेलेत. त्यांना कोण नेणार?

“पालखीवाले,” शेवंताकाकी म्हणाली. इतकं सोपं!

काल त्याचाच सराव होता. शिमग्यात पालखी नाचवणाऱ्या चौघांनी खुर्चीला बांबू बांधून तात्यांना उचललं, आणि चढणीवर सवयीने त्यांच्या पायांनी ठेका धरला.

“मेल्यांनो, मी देव नाय! सरळ चला!” तात्या ओरडले. एकेकाळी हीच पालखी त्यांनीही नाचवलेली. दोन पावलांनी पुन्हा ओरडले, “नि नाचताय तर ताल तरी सांभाळा!”

माणूस खांद्यावर घ्यायला या गावाला शिकवावं लागलं नाही. फक्त विचारावं लागलं.

शाळेच्या ओट्यावर खुर्ची टेकली. पाय गेल्यापासून तात्यांनी गाव वरून पाहिलं नव्हतं. बराच वेळ ते बघत राहिले.

“पुढचा सराव कधी रे?” त्यांनी विचारलं.